विद्यार्थ्यांची चित्रफीत : संकलन आणि तबकडी
(ज्ञातीच्या वार्षिक विद्यार्थी-संमेलनात दिलेले भाषण)



संमेलनाच्या चालकांनी आम्हांस बोलावयास पाचारण केले, तेव्हा विषयही त्यांनीच नेमून दिला. शाळा-महाविद्यालयांतून हल्ली जे प्रकल्प करावे लागतात त्यांकरिता विद्यार्थ्यांनी व्हिडिओचे संकलन कसे शिकावे, आणि तयार झालेल्या चित्रफितीची डीव्हीडी कशी करावी, हा तो विषय होय. या व्यासपीठावरून आजवर शिष्यवृत्ती, वसतिगृह, वधूवर-परिचय, हुंडाबंदी अशा विषयांवर भाषणे झाली. त्या मालिकेत हा विषय काही वडीलधाऱ्यांस पोरकट वाटेल. एका ज्येष्ठ सभासदांनी तर आम्हांस जिन्यातच गाठून, "मुलांच्या हातचा मोबाईल सुटत नाही म्हणून आम्ही रडतो आणि तुम्ही त्यांस आणखी शिकविणार काय?" असे विचारले. त्यांच्या प्रश्नाचे उत्तर या भाषणात ओघाने येईल, अशी आम्हांस आशा आहे.

प्रथम शब्दाचा अर्थ पाहू. चित्रित केलेल्या तुकड्यांतून हवा तो भाग राखणे, नको तो वगळणे, आणि राहिलेले तुकडे पाहणाऱ्यास अर्थ लागेल अशा क्रमाने जोडणे, यास संकलन म्हणतात. चित्रपट जेव्हा फितीवर घेतला जात असे, तेव्हा संकलक खरोखरीच कात्री हाती घेऊन बसे. फीत कापी, तिची टोके चिकटवी, पुन्हा पाही. ज्यांच्या वाडवडिलांनी पिढ्यान्‌पिढ्या कापड बेतले, कापले आणि शिवले, त्यांच्या मुलांस ही विद्या परकी वाटण्याचे कारण नाही. आपल्याकडे कातर लावण्यापूर्वी खडूने रेघ ओढतात, कच्चा टाका घालून अंगावर बसते की नाही ते पाहतात आणि मग पक्की शिलाई घालतात. येथेही क्रम तोच. भेद एकच आहे, आणि तो विद्यार्थ्यांच्या फायद्याचा आहे. कातर एकदा चालली की कापड गेले. संगणकावर मात्र मूळ चित्रण अखंड राहते. आपण कापतो ती केवळ 'येथून येथपर्यंत दाखवावे' अशी सूचना असते. दहा वेळा कापले आणि दहा वेळा मोडले तरी मूळ ठाण जसेच्या तसे शाबूत. आमच्या आजोबांस अशी कातर मिळती तर त्यांनी कितीतरी कापड वाचविले असते!

चित्रपटकला या देशात रुजली तीच मुळी अशा एका लहानशा विद्यार्थी-प्रकल्पासारख्या कृतीतून. दादासाहेब फाळके १९१२ साली लंडनहून कॅमेरा घेऊन आले. परंतु चित्रपटास पैसा लावावयास कोणी धजेना. तेव्हा त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, कॅमेरा रोपासमोर ठेवला आणि अंकुर वाढत असता मधूनमधून त्याची चित्रे घेत गेले. कित्येक दिवसांची वाढ पडद्यावर काही क्षणांत दिसली, आणि पाहणाऱ्यांची खात्री पटली. पुढे ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमात 'राजा हरिश्चंद्र' लोकांपुढे आला. या कामी सरस्वतीबाई फाळके यांनी फितीस भोके पाडण्यापासून ती धुण्यापर्यंतची कामे घरातल्या अंधाऱ्या खोलीत शिकून केली, हे आपल्या भगिनींनी विशेष लक्षात ठेवावे. रेणू सलुजा पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये संकलन शिकल्या आणि १९८९ च्या 'परिंदा' या चित्रपटाच्या संकलनाबद्दल त्यांस राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. हे पुरुषांचे काम आहे अशी समजूत कोणाची असेल तर ती त्याने येथेच टाकून द्यावी.

आता दुसरी गोष्ट. ती रशियातील आहे, आणि संकलन म्हणजे नुसती कापाकापी नव्हे हे तिच्यावरून समजते. १९२० च्या सुमारास कुलेशोव्ह नामक चित्रपट-शिक्षकाने एका नटाचा भावनाशून्य चेहरा घेतला. तो एकदा वाफाळलेल्या सूपाच्या वाडग्याच्या शेजारी जोडला, एकदा शवपेटीच्या शेजारी, एकदा एका स्त्रीच्या चित्राशेजारी. चेहरा तोच, परंतु प्रेक्षकांस एकदा त्यावर भूक दिसली, एकदा दुःख, एकदा अभिलाषा. दोन चित्रे जवळ ठेवली की पाहणारा त्यांतून तिसरा अर्थ आपल्या मनाने काढतो. शस्त्र किती धारदार आहे हे यावरून कळेल. या शस्त्राची कथा आमच्या वर्गातही घडली; ती पुढे सांगू.

साधनांविषयी थोडक्यात बोलतो, कारण साधने बदलत राहतात. सन २००० मध्ये विंडोज मूव्ही मेकर आला आणि पुष्कळ वर्षे शाळकरी मुलांची पहिली पाटी तोच होता. जानेवारी २०१७ मध्ये मायक्रोसॉफ्टने तो मागे घेतला. डीव्हीडी करण्याकरिता विंडोज व्हिस्टा आणि सात या आवृत्त्यांत डीव्हीडी मेकर होता. आठव्या आवृत्तीपासून तो गेला. अ‍ॅपलचे आयमूव्ही १९९९ पासून आहे, पण त्याचे जोडीदार आयडीव्हीडी बंद झाले. जुन्या पुस्तकांत किंवा थोरल्या भावाच्या वहीत ही नावे आढळतील. ती शोधीत बसू नये. आज विंडोज ११ मध्ये क्लिपचॅम्प हे संकलनाचे साधन येते. याखेरीज ओपनशॉट, शॉटकट आणि केडेनलाइव्ह ही तीन सॉफ्टवेअरे विनामूल्य असून विंडोज, मॅक व लिनक्स तिन्हींवर चालतात. नवख्याने ओपनशॉटपासून आरंभ करावा, आणि हात बसला म्हणजे शॉटकट किंवा केडेनलाइव्ह घ्यावे, असे आमचे मत आहे. डाविंची रिझॉल्व्हची विनामूल्य आवृत्ती उत्तम आहे खरी, परंतु तिला दणकट संगणक लागतो; घरातील जुन्या संगणकावर ती चालवू पाहणे म्हणजे हातमशीनवर ताडपत्री शिवण्यासारखे आहे. तबकडीकरिता डीव्हीडीस्टायलर हे विनामूल्य सॉफ्टवेअर पुरेसे होते. चोरून उतरविलेले महागडे सॉफ्टवेअर मात्र कोणी वापरू नये. त्याबरोबर जे रोग संगणकात शिरतात ते निस्तरता निस्तरता प्रकल्पाची मुदत संपते.

यांपैकी कोणतेही साधन उघडा, मांडणी सारखीच दिसेल. एका बाजूस तुकड्यांची पेटी, वर पाहण्याचा पडदा, आणि खाली डावीकडून उजवीकडे जाणारी टाइमलाइन. या टाइमलाइनवर एकावर एक पट्ट्या असतात : चित्राची, बोलण्याची, संगीताची, अक्षरांची. वरची चित्रपट्टी खालच्या चित्रपट्टीस झाकते. एवढे समजले म्हणजे निम्मे शिक्षण झाले. बाकीच्या शेकडो बटणांकडे पहिले दोन महिने पाहूदेखील नये. विशेषेकरून एका तुकड्यावरून दुसऱ्यावर जाताना जे गिरक्या घेणारे, पाने उलटणारे, तारे चमकविणारे प्रकार असतात, त्यांचा मोह टाळावा. आमच्याकडे आलेल्या पहिल्या दहा चित्रफितींत मिळून एवढे तारे चमकले की तेवढे दिवाळीत आकाशातही दिसले नसतील. साधा काप हाच उत्तम काप.

काम संगणकापासून सुरू होत नाही. ते कागदापासून सुरू होते. आपणांस काय सांगावयाचे आहे ते पाच ओळींत लिहावे. ते लिहिता येत नसेल तर चित्रीकरणास निघू नये. मग मोबाईल आडवा धरून, शक्य तर तिपाईवर ठेवून, चित्रण करावे. नवशिका आवाजाकडे मुळीच लक्ष देत नाही, आणि नंतर सर्वांत अधिक रडतो तो आवाजासाठीच. चित्र थोडे अंधारे असले तर पाहणारा चालवून घेतो. बोलणे ऐकू आले नाही तर उठून जातो. पंखा बंद करावा, शेजारची शिलाईमशीन थांबवावी, बोलणाऱ्याच्या छातीजवळ लहान ध्वनिग्राहक लावावा. तो नसेल तर दुसरा मोबाईल ध्वनिमुद्रणासाठी त्याच्या समोर ठेवावा आणि आरंभी एकदा टाळी वाजवावी. टाळीचा आवाज आणि टाळी वाजल्याचे चित्र जुळविले म्हणजे दोन्ही मुद्रणे जुळतात. चित्रपटवाले पाटी आपटतात ती त्याच कारणास्तव. मोबाईलविषयी आणखी एक खुबी आहे. तो सेकंदास ठराविकच चित्रे घेतो असे नाही. प्रकाश कमी-जास्त झाला की त्याची गती किंचित बदलते. लांबच्या मुलाखतीत ओठ आणि बोलणे हळूहळू फटकून का जातात, याचे कारण पुष्कळदा हेच असते. अशा वेळी हँडब्रेक या विनामूल्य सॉफ्टवेअरमधून चित्रण एका स्थिर गतीत फिरवून घ्यावे आणि मग संकलनास बसावे.

सर्व तुकडे, छायाचित्रे, संगीत एकाच फोल्डरात ठेवावे आणि मगच प्रकल्प उघडावा. हे आम्ही वर्गात पहिल्या दिवशी सांगतो, फळ्यावर लिहितो, आणि तरी दरवर्षी एखादा विद्यार्थी आदल्या रात्री धावत येतो. प्रकल्पाची म्हणून जी फाइल संगणक जतन करतो तिच्यात चित्रे नसतात. कोणता तुकडा कोठे आहे आणि कोठून कोठवर घ्यावा, याची ती केवळ यादी असते. मापाची वही शिंप्याच्या हाती असली म्हणजे सदरा हाती आला असे होत नाही. यंदा एका मुलाने ती इवलीशी फाइल पेनड्राइव्हवर घालून महाविद्यालयात नेली. पडद्यावर काळा चौकोन दिसला आणि वर्ग हसला. तयार चित्रफीत हवी असेल तर 'एक्सपोर्ट' करून एमपी४ फाइल काढावी लागते. तिलाच आपण शिवून तयार झालेले वस्त्र म्हणू.

संकलनाचा कौशल्याचा भाग तो याच्या पुढचा. मुलाखत घेतली की माणूस अडखळतो, खोकतो, मूळ मुद्दा सोडून पुतण्याच्या लग्नाकडे वळतो. तेवढे कापले म्हणजे चित्र उडी मारते; डोके इकडचे तिकडे झालेले दिसते. यावर उपाय असा, की बोलणे तसेच चालू ठेवून वरच्या पट्टीवर दुसरे चित्र ठेवावे : बोलणाऱ्याचे हात, कातर, अंगुस्तान, भिंतीवरचा नामदेवमहाराजांचा फोटो. अस्तराने जशी आतली शिलाई झाकते तसा खालचा जोड झाकला जातो. यासाठी चित्रणाच्या दिवशीच अशी हातांची, वस्तूंची चित्रे पुष्कळ घेऊन ठेवावी. मागाहून आठवले तर उपयोग नाही. एखादा माणूस काजे करताना दाखवावयाचा असेल तर दुरून एकदा, जवळून एकदा आणि त्याच्या चेहऱ्यावरून एकदा, असे तीनदा घ्यावे. म्हाताऱ्या कारागिरास तेच काम पुन्हा करावयास सांगण्यास मुले संकोचतात. परंतु आमचा अनुभव असा, की एवढ्या बारकाईने आपले काम कोणी पाहत आहे, याचेच त्यास अप्रूप वाटते.

मराठी अक्षरांविषयी एक सूचना. काही सॉफ्टवेअरांत शीर्षक देवनागरीत लिहिले की जोडाक्षरे फुटतात, वेलांटी भलत्या ठिकाणी जाते, आणि 'शिल्प'चे काहीतरी विचित्र होते. युनिकोड टंक वापरून पाहावा. तरीही फुटत असेल तर शीर्षक दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये लिहून त्याचे चित्र करावे आणि ते चित्र टाइमलाइनवर ठेवावे. इंग्रजीत शीर्षक देऊन मोकळे होऊ नये. शिवाय अक्षरे पडद्याच्या कडांस भिडवू नयेत. जुन्या टीव्हीवर कडा थोड्या कापल्या जातात.

आता ती कथा. दहावीतील एका मुलीने 'परिसरातील पारंपरिक व्यवसाय' या प्रकल्पाकरिता आपल्या आजोबांची चित्रफीत करावयाचे ठरविले. आजोबांनी साठ वर्षे मशीन चालविले. बाराबंदी, पैरण, बंडी, जुन्या घाटाची चोळी, सारे त्यांस हातचे. मुलीच्या वडिलांस हे रुचले नाही. ते चांगल्या नोकरीत आहेत. मुलीच्या शाळेत शिलाईचे दुकान कशाला दाखवावयाचे, असे त्यांचे म्हणणे. आम्ही त्यांस दोष देत नाही. 'शिंप्याचा पोर' हे शब्द ज्याने शाळेत एका विशिष्ट सुरात ऐकले आहेत त्यास ते कसे लागतात, हे या मंडपात बसलेल्या पुष्कळांस सांगावे लागणार नाही. तथापि आजोबांनीच रुकार दिला आणि चित्रण झाले. वडील त्या दिवशी दारात उभे राहून ऐकत होते.

शेवटी मुलीने आजोबांस विचारले, मशीन विकले तेव्हा काय वाटले? आजोबा म्हणाले, "मशीन उचलून नेले तेव्हा हात थरथरला. पण पोरगा त्या पायडलवर बसला नाही याचे मला बरेच वाटले. माझे गुडघे मला ठाऊक." मुलीने संकलनात पहिले वाक्य ठेवले, दुसरे व तिसरे कापले, नंतर मशीनची रिकामी जागा दाखविली आणि खाली करुण बासरी घातली. परिणाम विलक्षण होता. वर्गातील मुलांचे डोळे पाणावले. एक पिढीजात कला मेली आणि म्हातारा एकटा राहिला, असा अर्थ त्यातून निघे. कुलेशोव्हचा धडा तिने न वाचताच गिरविला होता!

ही फीत घरी टीव्हीवर लावली तेव्हा वडील एवढेच म्हणाले, "त्यांचे पुढचे वाक्य कोठे गेले?" ते वाक्य त्यांच्याविषयीचे होते. वडिलांनी आपणांस कधी तसे तोंडावर सांगितले नव्हते. दारात उभे असता ते प्रथम कानी पडले होते, आणि मुलीने नेमके तेच कापले होते. मुलगी आमच्याकडे आली ती रडवेली होऊन. ती म्हणाली, ते वाक्य घातले तर शेवट पडतो. आम्ही म्हटले, पडू दे. आजोबांनी जे म्हटले नाही ते त्यांच्या तोंडी घालावयाचा अधिकार तुला कोणी दिला? तिने दोन संध्याकाळ बसून शेवट पुन्हा जुळविला. तिन्ही वाक्ये राहिली, बासरी गेली, आणि रिकाम्या जागेऐवजी आजोबांचे गुडघे चोळणारे हात आले. शाळेत या दुसऱ्या फितीस पहिलीइतक्या टाळ्या मिळाल्या नाहीत. गुण बरे मिळाले. मूळ चित्रण अखंड राखलेले होते म्हणूनच हे शक्य झाले, हे आम्ही मुद्दाम सांगतो. कित्येक मुले जागा व्हावी म्हणून मोबाईलमधील मूळ चित्रण त्याच दिवशी पुसून टाकतात.

यावरून आम्ही वर्गात दोन नियम केले आहेत. ज्याची मुलाखत घेतली त्यास तयार फीत दाखविल्यावाचून ती बाहेर न्यावयाची नाही. आणि वाक्यातला 'पण' कधी कापावयाचा नाही. जिन्यात भेटलेल्या आमच्या ज्येष्ठ मित्रांस आमचे उत्तर येथे आहे. ज्या मुलाने स्वतःच्या हाताने एक 'पण' कापून पाहिला आहे, तो मोबाईलवर दिवसभर जे येते ते पूर्वीइतक्या भाबडेपणाने पाहणार नाही.

संगीताविषयी एवढेच, की चित्रपटातील गाणे उचलून लावू नये. त्यावर दुसऱ्याचा हक्क असतो, आणि फीत शाळेबाहेर गेली की अडचण येते. घरातील कोणी पेटी वाजवीत असेल, आजी ओव्या म्हणत असेल, तर ते मुद्रित करावे. ते आपले असते आणि बहुधा अधिक शोभते.

आता तबकडीकडे वळू. नव्या लॅपटॉपांस डीव्हीडीची खाचच नसते. शाळाही हल्ली पेनड्राइव्ह किंवा दुवा मागतात. मग डीव्हीडी कशाला? प्रश्न रास्त आहे. प्रकल्प शाळेत देण्यासाठी एमपी४ फाइल पुरे. तेथे आमचा आग्रह नाही. परंतु आपल्या समाजात गावोगाव अशी कितीतरी घरे आहेत, की जेथे टीव्हीखाली डीव्हीडीचे यंत्र आहे आणि ते चालविणाऱ्या आजीस दुवा म्हणजे काय हे ठाऊक नाही. तबकडी हातात देता येते, तिच्यावर नाव लिहिता येते, लग्नाच्या अल्बमशेजारी ठेवता येते. ज्या वडिलांची कथा आम्ही सांगितली त्यांनी शेवटी आमच्याकडे एकच गोष्ट मागितली, ती म्हणजे सोलापूरच्या थोरल्या बहिणीसाठी एक तबकडी. यंत्र जोडून घेणे अवघड नाही. यूएसबीने जोडावयाचा बाहेरचा डीव्हीडी रायटर मिळतो आणि एकात दहा घरांचे काम भागते.

पहिली समजूत अशी करून घ्यावी, की एमपी४ फाइल तबकडीवर नुसती उतरविली म्हणजे टीव्हीच्या यंत्रात चालणारी डीव्हीडी झाली असे नव्हे. अशी तबकडी संगणकावर चालते, आणि आजीच्या यंत्रात पुष्कळदा चालत नाही. डीव्हीडी-व्हिडिओ ही एक ठरीव रचना आहे. आपल्या देशातील पाल पद्धतीत चित्र ७२० गुणिले ५७६ बिंदूंचे, सेकंदास २५ चित्रे, आणि ते एमपीईजी-२ या पद्धतीने आवळलेले असावे लागते. तबकडीवर 'व्हिडिओ_टीएस' नावाचा फोल्डर असतो. त्यातील व्हीओबी फाइलींत चित्र व ध्वनी, आयएफओ फाइलींत कोणत्या बटणाने कोठे जावे याची माहिती, आणि बीयूपी फाइलींत त्या माहितीची राखीव प्रत असते. हे सारे डीव्हीडीस्टायलर आपण होऊन करतो. विद्यार्थ्याने करावयाचे ते एवढेच : पाल निवडावे, आडव्या चित्राकरिता १६:९ हे प्रमाण घ्यावे, चित्रफीत आत ओढावी, प्रकरणे पाडावी आणि अनुक्रमणिकेचा पडदा सजवावा. तेथेही तारे नकोत. रिमोटच्या बाणांनी एका बटणावरून दुसऱ्यावर सरळ जाता आले पाहिजे. हे संगणकावर माऊसने तपासून कळत नाही. टीव्हीसमोर बसून, हातात रिमोट घेऊनच तपासावे लागते.

जागेचा हिशेब मुलांस नेहमी चकवितो. तबकडीवर ४.७ जीबी छापलेले असते आणि संगणक ४.३७ दाखवितो. दुकानदाराने फसविलेले नाही. छापणारा हजाराच्या पटीत मोजतो आणि संगणक १०२४ च्या. चित्र व ध्वनी मिळून सेकंदास ८० लक्ष बिट दिले तर सुमारे ७८ मिनिटे बसतात. ५० लक्ष दिले तर दोन तासांहून थोडे अधिक. पंधरा मिनिटांच्या प्रकल्पास जागेची ददात मुळीच नाही, म्हणून गुणवत्ता वरचीच ठेवावी, आणि उरलेल्या जागेत वेगळ्या फोल्डरात मूळ एमपी४ फाइलही घालून द्यावी. संमेलनाचे तीन तासांचे चित्रण मात्र एकाच तबकडीत कोंबू नये. चेहरे चौकोनी ठिगळांचे दिसू लागतात.

बर्न करताना घाई नसावी. मंद गती निवडावी, मध्ये दुसरे काम काढू नये, आणि तयार तबकडी निदान दोन वेगळ्या यंत्रांत लावून पाहावी. तिच्यावर बॉलपेनने लिहू नये, कागदी चिठ्ठी चिकटवू नये. मऊ टोकाच्या मार्करने, तेही मधल्या कड्याजवळ लिहावे. उन्हात, गाडीत, गॅसजवळ ठेवू नये. घरी केलेल्या तबकडीत माहिती धरून ठेवणारा जो थर असतो तो रंगद्रव्याचा असतो, आणि रंग विटतो हे कापडाचा व्यवहार करणाऱ्यांस सांगावयास नको. यास्तव तबकडी ही वाटावयाची वस्तू समजावी. जतनाचे एकमेव ठिकाण समजू नये. तयार फीत आणि मूळ चित्रण हार्ड डिस्कवर एक, दुसऱ्या घरी एक, आणि शक्य तर इंटरनेटवरील साठ्यात एक, अशा तीन प्रती असाव्या.

ही काळजी अतिरेकी वाटत असेल तर आपल्या चित्रपटांचे काय झाले ते पाहावे. 'राजा हरिश्चंद्र' आज संपूर्ण स्वरूपात उपलब्ध नाही. पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले ते १९६४ साली. तोवर कितीतरी मूकपट नाहीसे झाले होते. जे मिळाले त्यांतीलही बरीच नायट्रेटची रिळे २००३ सालच्या आगीत जळाली. ती मोठ्या संस्थांची कथा. आपल्या घरांतून तर लग्ने, मुंजी, नामदेव-पुण्यतिथीचे उत्सव यांच्या व्हीएचएस कॅसेटी माळ्यावर बुरशी खात पडल्या आहेत, आणि त्या लावावयाचे यंत्र २०१६ नंतर जगात कोणी नव्याने बनवीत नाही. आज ज्यांस कळते की अमक्या कॅसेटीत कडेला उभा असलेला पगडीवाला म्हातारा कोण, ती माणसेही थोडीच उरली आहेत.

म्हणून आम्ही यंदा कार्यालयातील खोलीत एक चालू व्हीसीआर आणि संगणकास जोडावयाचे उपकरण बसविले आहे. कॅसेट जेवढ्या वेळाची तेवढाच वेळ उतरविण्यास लागतो; त्यास उपाय नाही. प्रत्येक कॅसेटीसमोर दोन विद्यार्थी बसतील : एक यंत्र पाहील, दुसरा वहीत लिहील. कॅसेट आणणाऱ्याने आपल्या घरातील सर्वांत वृद्ध माणसास सोबत आणावे, आणि पडद्यावर जो दिसेल त्याचे नाव, गाव व नाते सांगावे. मुले त्या क्षणाची वेळ टिपून घेतील आणि संकलनाच्या वेळी नावे खाली अक्षरांत येतील. पांढरी बुरशी धरलेली कॅसेट मात्र घरच्या यंत्रात लावून पाहू नये. तशीच पिशवीत घालून आणावी, कारण बुरशी यंत्राच्या डोक्यास लागली की पुढच्या कॅसेटीही खराब होतात. वर्ग रविवारी सकाळी नऊ वाजता भरतो. जिना अरुंद आहे. वृद्धांस वर चढविण्यासाठी खाली दोन मुले उभी राहतील.